मनवेल मास्तरांचा दिल्लीचा वर्ग

मनवेल मास्तरांनी माझ्याशी घासाघीस केली नाही, आणि तिथूनच माझं त्यांच्याशी बिनसायला सुरुवात झाली.

मी खिडक्या करतो. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, दारं, डासांच्या जाळ्या. वसईला गोखिवऱ्यात माझे तीन गाळे आहेत. त्यातल्या पहिल्या गाळ्यात मी कोकणातून आल्यावर पट्ट्या कापायला लागलो होतो. पुढे तोच गाळा मी विकत घेतला, हे मी कुणालाही पहिल्या भेटीत सांगतो. धंदा मला गिऱ्हाइकांनी शिकवला. मी भाव सांगायचा, त्याने तोंड वाकडं करायचं, मी त्याच्याहून जास्त चिडायचं, त्याने उठून जायचं, मी त्याला रिक्षापर्यंत जाऊन परत आणायचं, आणि मग दोघांनाही जिंकल्यासारखं वाटेल अशा जागी थांबायचं. याच्याशिवाय झालेला सौदा मला सौदाच वाटत नाही.

मास्तर उमेळ्याला वाडीत राहायचे. वाडी म्हणजे आता घरामागची केळी, चार नारळ आणि एक विहीर. कुंपणापलीकडे सात मजली इमारत. मी ओटीवर बसून माप सांगितलं, भाव सांगितला. मास्तर म्हणाले, "बरं. कधी बसवाल?"

मी म्हटलं, "मास्तर, काही तरी बोला. कमी-जास्त."

"तुमच्या कामाची किंमत तुम्हांला ठाऊक असणार, सुर्वे. मला कशी असेल?"

मला भयंकर राग आला. या माणसाने माझी सगळी हत्यारं काढून घेतली होती. शेवटी मी ठरली होती त्यापेक्षा जाड काच टाकली आणि घरी जाऊन बायकोवर ओरडलो.

खिडकी ज्या खोलीला हवी होती ती घराच्या मागच्या बाजूला होती. मास्तर म्हणाले होते, "ऊन नको, वारा हवा. इथे माझा वर्ग बसतो." मला वाटलं शिकवणी घेत असतील. माणिकपूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं होतं, म्हणजे शिकवणी असणारच. खिडकी बसवायला गेलो तेव्हा खोलीत एकही बाक नव्हता. एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतभर कपाट. कपाटात शाळेचे हजेरीपट. लांबोडके, निळ्या पुठ्ठ्याचे, ज्यांत आपली नावं एकाखाली एक असायची तसले.

त्यांतला एक त्यांनी माझ्यापुढे उघडला. डावीकडे नावं, पुढे चौकोन. नावं मुलांची नव्हती. महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेल्या खासदारांची होती. एकेका निवडणुकीचा एकेक वर्ग, आणि वरच्या रांगेत महिन्यांऐवजी अधिवेशनं. ज्या अधिवेशनात त्या खासदाराने प्रश्न विचारला तिथे 'प्र', भाषण केलं तिथे 'भा', आणि नुसताच बसून राहिला तिथे 'ग'.

"ग म्हणजे गैरहजर?" मी विचारलं.

"ग म्हणजे गप्प. गैरहजर वेगळा. गैरहजर मुलाचं काही तरी कारण असतं."

नोकरीत असताना दर शनिवारी शाळा सुटली की ते मुंबईला एका मोठ्या ग्रंथालयात जायचे. तिथे संसदेतल्या कामकाजाचे जाडजूड खंड असतात. कपाळाएवढ्या जाडीचे, म्हणायचे ते. त्यांतून आपल्या राज्यातली माणसं हुडकून काढायची आणि इथे मांडायची. राज्य झालं तेव्हा वर्ग लहान होता, आता अठ्ठेचाळीसचा आहे. त्याआधी मुंबई राज्य होतं, त्यात गुजरातही, तर त्यासाठी वेगळा पट. का करायचे हे मी त्यांना बरेचदा विचारलं. एकदाच उत्तर मिळालं. "मुलांना मी सांगत होतो की तुमचा माणूस तिकडे तुमच्या वतीने बोलतो. एका पोराने विचारलं, काय बोलतो? मला माहीत नव्हतं."

त्यांच्या बायकोला, रोझीबायना, या सगळ्याचं कौतुक नव्हतं असं नाही, पण त्या ते दाखवत नसत. चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "आमच्या घरात अठ्ठेचाळीस पुरुष बसलेत बघा, आणि एकालाही नारळ सोलता येत नाही."

मास्तर आतून म्हणायचे, "बायकाही आहेत त्यात."

"किती आहेत?"

मास्तर पट उघडून मोजायला लागायचे.

"मग त्या चहा करत असतील," रोझीबाय म्हणायच्या.

खिडकी बसली तरी मी जात राहिलो. कशासाठी, ते मला तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की त्या बाजूला कामं चालू होती. खरं म्हणजे मला त्यांचं बोलणं ऐकायला आवडायचं. खासदारांबद्दल ते वर्गातल्या पोरांसारखे बोलायचे. "हा तीन वर्षं शेवटच्या बाकावर. मग मिठागरांवर एक प्रश्न विचारला, आणि काय विचारला. मंत्र्याला दोनदा उठावं लागलं." किंवा, "ह्याचं अक्षर चांगलं, अभ्यास नाही. भाषण लांब, त्यात वसई एकदाही नाही." पक्ष कधी बोलण्यात यायचा नाही. हजेरीपटातही पक्षाचा रकाना नव्हता. मी त्यावर टोकलं तेव्हा म्हणाले, "बाप काय करतो यावर मी मार्क देत नसे."

संसदेत प्रश्नांचे दोन प्रकार असतात हे मला त्यांच्याकडून कळलं. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, अतारांकिताला लेखी. मास्तरांनी हे आपल्या घराला लागू केलं होतं. कुणी काही विचारायला आलं, रेशनकार्डाचं, सातबाऱ्याचं, पोरीच्या दाखल्याचं, की ते क्षणभर बघायचे आणि म्हणायचे, "हा तारांकित आहे, बसा." किंवा, "हा अतारांकित. लिहून पाठवतो." आणि लिहून पाठवायचेच. गावात कित्येकांच्या घरी त्यांच्या ठसठशीत अक्षरातले असे कागद सापडतील.

एका निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराची दोन माणसं गाडी घेऊन आली. समोरच्याने दिल्लीत काही केलं नाही, एवढं त्यांना मास्तरांच्या पटातून लिहून हवं होतं. मास्तरांनी पट काढला आणि समोरच्याचं सगळं वाचून दाखवलं. चांगली वीस मिनिटं. त्याने सात-आठ बरे प्रश्न विचारले होते. मग म्हणाले, "आता तुमच्या साहेबांचं वाचू? तेही एकदा निवडून गेले होते." ती माणसं चहा अर्धा ठेवून गेली. मी ओटीवर होतो, पोट धरून हसलो. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "ते माहिती मागायला आले होते, आणि मी त्यांना घालवून दिलं. हे काही बरं झालं नाही."

असा माणूस. आता माझं सांगतो.

आमच्या गाळ्यांच्या रस्त्याला पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरतं. त्यासाठी मी वर्षानुवर्षं अर्ज लिहून थकलो आहे. एका निवडणुकीत एक मोठा उमेदवार गोखिवऱ्याला येणार होता. मंडप माझा, खुर्च्या माझ्या. गाळेवाल्यांच्या वतीने मी बोलणार आणि बोलून झाल्यावर सगळ्यांदेखत नाल्याचा अर्ज त्याच्या हातात देणार, असं ठरलं होतं. आठ दिवस मी आरशापुढे भाषण केलं. उभा राहिलो आणि म्हणालो, "आपल्या पालघर मतदारसंघाने स्वातंत्र्यापासून दिल्लीत जे खासदार पाठवले..."

दुसऱ्या रांगेतून एक बोट वर आलं. वर्गात मास्तर करतात तसं.

"दुरुस्ती," मनवेल मास्तर म्हणाले. "पालघर मतदारसंघ तेव्हा नव्हता. अगदी परवापरवापर्यंत आपण उत्तर मुंबईच्या शेपटाला होतो. त्याच्याही आधी ठाणे."

मंडप हसला. उमेदवार सगळ्यात जोरात हसला आणि म्हणाला, "सुर्वेशेठ, खिडकीतून बाहेर बघत जा." त्यावर आणखी हशा. माझं पुढचं भाषण मला आठवेना. मी अर्ज दिला, पण तो त्याने न बघता मागच्या माणसाकडे दिला, आणि मागच्या माणसाने तो खुर्चीवर ठेवला. सभा संपल्यावर मी तो खुर्चीवरून उचलून घरी आणला.

मास्तरांना यातलं काही कळलंही नसेल असं मी धरलं. पण मी त्यांच्याकडे जायचं बंद केलं. नाला अजून तसाच आहे. दर पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरलं की मला त्या नाल्याचा राग येत नसे, त्या वर आलेल्या बोटाचा यायचा. मास्तरांनी ते मला सभा संपल्यावर, बाजूला घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी बायकोला इतक्यांदा विचारलं की ती उठून जायला लागली.

काही वर्षांनी माणिकपूरला आमच्या नागरिक मंडळाने वाचनालयावर एक सभागृह बांधलं. खिडक्या मी दिल्या, त्यामुळे मी समितीत. सभागृहात लावायला काही तरी कायमचं हवं, म्हणून ठरलं की आपल्या भागातून दिल्लीत गेलेल्या सगळ्या खासदारांची नावं काळ्या दगडावर कोरून लावायची. पहिल्या निवडणुकीपासून आजवर. यादी कोण देणार, हा प्रश्नच नव्हता. दगडाचं काम माझ्याकडे आलं, कारण दगडवाल्याशी भांडेल असा समितीत मी एकटाच होतो.

मास्तरांनी यादी आणली. समितीच्या बैठकीत ती माझ्यापुढे ठेवली. मी बघितली आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम तो मंडप उभा राहिला. यादीत वरच्या दोन ओळींत दोन-दोन नावं होती. एकाच निवडणुकीला दोन खासदार, मध्ये महिरपी कंस.

मी यादी वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. "मास्तर, खासदार एक की दोन?"

"दोन," मास्तर म्हणाले.

"एका खुर्चीवर? म्हणजे तुमच्या वेळी एकमेकांच्या मांडीवर बसायचे काय?"

दहा माणसं होती. दहाच्या दहा हसली. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते असं हातात आलं, आणि मला थांबता येईना. "दुरुस्ती," मी बोट वर करून म्हटलं. "मतदारसंघ एक, खासदार एक. एवढं खिडकीवाल्यालाही कळतं. वय झालं मास्तर, सगळं दुप्पट दिसायला लागलं."

मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. त्यांना उत्तर देता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लिहून पाठवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांचा लिफाफा गाळ्यावर आला. मी तो फोडला नाही. टेबलाच्या खणात टाकला आणि दगडवाल्याला यादी दिली. वरच्या दोन ओळींतली दुसरी नावं मी पेनाने खोडली होती. कुठलं ठेवायचं आणि कुठलं खोडायचं, याचाही मी विचार केला नाही. पहिलं लिहिलंय ते पहिलं, एवढंच.

अनावरणाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी पांढरा शर्ट घातला होता. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. माणसं पेढे घेऊन खाली उतरायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की दाराशी सात-आठ बायका उभ्या आहेत. पूर्वेकडच्या डोंगराखालच्या पाड्यातल्या, वारली. पुढे जी म्हातारी होती तिला मी ओळखत होतो. जानकी. मास्तरांच्या वाडीत ती पूर्वी कामाला यायची. तिच्या हातात चाफ्याच्या फुलांचा हार होता. इतक्या गर्दीत आत यावं की नाही हे न कळल्याने त्या सगळा कार्यक्रमभर बाहेरच उभ्या होत्या.

जानकी माझ्याजवळ आली. "शेट, आमची मानसं कुठं लिवलीत?"

"कुठली माणसं?"

"मास्तर बोलला, पयल्या टायमाला आमच्यातली मानसं दिल्लीला गेली व्हती. त्यांची नावं लागनार हायेत. माझा बा सांगायचा, तवा दोन चिठ्ठ्या द्यायचे. एक ह्या पेटीत टाक, एक त्या पेटीत. दोन मानसं निवडायची व्हती."

मला तेव्हाच कळलं. पूर्ण नाही, पण मी पेनाने काय खोडलं होतं एवढं कळलं. दोन चिठ्ठ्या. दोन माणसं. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तिच्याबरोबरच्या बायकांतही कुणाला येत असेल असं वाटलं नाही. मागे समितीची माणसं माझी वाट बघत होती, जेवणाचं बोलवणं होतं. मी दगडाकडे बोट केलं. "ती बघ. वरची दोन."

ती पुढे गेली. दगडापाशी चपला काढल्या, हार पडद्याच्या खुंटीला अडकवला, दोन्ही हात जोडले आणि कपाळ दगडाला टेकवलं. मागच्या बायकांनीही टेकवलं. एकीने ओळींवरून बोट फिरवलं, हळूच, आपण झोपलेल्या पोराच्या तोंडावरून फिरवतो तसं.

मी मागे वळलो तर मास्तर तिथेच होते. कोट घातलेला, चर्चला जाताना घालायचे तो. त्यांनी सगळं बघितलं होतं आणि ऐकलंही असणार. मला वाटलं आता बोट वर येणार. त्यांनी जानकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिला म्हणाले, "जानकी, पेढे घे. पोरींनाही दे."

जेवण मला गेलं नाही. दुपारी गाळ्यावर जाऊन खण उघडला. लिफाफ्यात एकच कागद होता.

'सुरुवातीच्या निवडणुकांत काही मतदारसंघ दोन सभासदांचे होते. एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. आपला तेव्हाचा ठाणे मतदारसंघ त्यांतलाच. प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. म्हणजे जे दोघे गेले ते सर्वांनी मिळून पाठवले होते. यादीतली दुसरी नावे आदिवासी समाजातली आहेत. पुढे ही पद्धत बंद झाली आणि लोक विसरले, त्यामुळे तुमचा गैरसमज होणे साहजिक आहे. कृपया ती नावे गाळू नयेत.'

खाली जागा सोडून आणखी चार ओळी होत्या.

'हे मी बैठकीतच सांगू शकलो असतो. पण गोखिवऱ्याच्या मंडपात मी तुम्हांला चारचौघांत दुरुस्त केले होते. दुरुस्ती बरोबर होती, जागा चुकली. तुम्ही येणे बंद केलेत तेव्हा माझ्या लक्षात आले. पुन्हा तसे करायचे नव्हते.'

हा कागद अनावरणाच्या आधी दोन महिने माझ्या खणात होता.

तिसऱ्या दिवशी मी उमेळ्याला गेलो. किती तरी वर्षांनी. मी बसवलेली खिडकी अजून एका बोटाने सरकत होती. रोझीबायनी मला बघून आत जाऊन पाणी आणलं, नेहमीसारखं, पण बोलल्या नाहीत. मास्तर खाटेवर पडून होते. त्यांना दम लागायला लागला होता. मी ठरवून गेलो होतो की माफी मागायची. पण मला तो शब्द धड कधी म्हणता आला नाही. मी कामाचं बोलायला लागलो.

"मास्तर, दगडाच्या तळाशी जागा आहे. चार बोटं. ती दोन नावं खाली कोरून घेतो. आठवड्याचं काम."

"तळाशी नको," मास्तर म्हणाले.

"वर जागाच नाही."

"म्हणून तर. ते नंतर घातलेले नव्हते, सुर्वे. बरोबर गेले होते. एकाच ओळीत हवेत. कंसासकट."

"म्हणजे नवा दगड."

"हो."

मी काय म्हणालो ते लिहायला मला जड जातं. मी म्हणालो, "मास्तर, थोडं तुम्ही सोडा, थोडं मी सोडतो. तळाशी घालू, पण अक्षर मोठं करू." जन्मभराची सवय. त्यांच्याशी घासाघीस करायला मला अखेर विषय मिळाला होता, आणि तो हा.

मास्तर खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "याच्यात माझं काही नाही, सोडायला."

मी म्हटलं, "बघतो." आणि उठलो. रोझीबाय दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "शेठ, ते त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. मला वाटलं छातीत दुखतं. तर म्हणाले, जानकीला मी बोलावलं होतं." एवढं बोलून त्या आत गेल्या.

मी बघतो म्हटलं आणि बघितलं नाही. नवा दगड म्हणजे समितीपुढे जावं लागणार. समितीपुढे जावं लागणार म्हणजे त्या दहा जणांपुढे सांगावं लागणार की मांडीवरचा विनोद कुणावर झाला होता. आज कामाची घाई, उद्या बाहेरगावी, परवा पाऊस. रोज रात्री ठरवायचो आणि रोज सकाळी गाळ्याचं शटर उघडलं की मला दुसरं काही तरी महत्त्वाचं दिसायचं. असे चार महिने गेले.

नवा दगड आता लागला आहे. एका ओळीत दोन नावं, कंसासकट. लोक थांबून विचारतात, हे दोन-दोन कसे, आणि मग कुणी तरी समजावून सांगतं. समितीने त्याबद्दल माझा सत्कारही केला. चूक शोधून स्वतःहून सुधारली म्हणून. मी शाल घेतली. पण हे झालं ते मास्तर गेल्यानंतर दोन महिन्यांनी. माणिकपूरच्या रस्त्यावरून त्यांची शवपेटी नेताना मी फुटपाथवर उभा होतो, गर्दीत मागे, जानकीच्या पाड्यातल्या बायका पुढे चालताना दिसल्या तेव्हा आणखी एक पाऊल मागे.

त्याच्या आधी ते मला एकदाच दिसले.

चार महिने घालवल्यावर एका दुपारी मी माप घ्यायला सभागृहात गेलो. कुणाला न सांगता. म्हटलं माप तरी घेऊन ठेवू, पुढचं पुढे. सभागृह दुपारी रिकामं असतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर चपला काढल्या आणि आतून आवाज ऐकू आला.

मास्तर दगडापुढे उभे होते. एक हात भिंतीला टेकलेला, श्वास लागलेला. एवढे जिने ते चढून आले होते. शेजारी जानकी. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"जानकी, ती नावं इथे नाहीत," मास्तर म्हणाले. "ही दोन दुसऱ्यांची आहेत."

जानकी दगडाकडे बघत राहिली. "आमची कुठं गेली?"

"राहिली. यादी माझी होती. माझ्याकडून नीट दिली गेली नाही."

"तुझ्याकडून?"

"हो."

"मग शेटनं बोट कुठं दाखवलं?"

मास्तर जरा थांबले. श्वासासाठी थांबले की शब्दासाठी, मला कळलं नाही. "त्यांना ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं नव्हतं त्यांना."

जानकीने वरच्या ओळीला बोट लावलं. मग तिने विचारलं, "आमी त्या दिसी डोकी टेकली ती कुनाला?"

"तीही आपलीच. त्यांच्याबरोबर गेलेली. तुझ्या बापाची एक चिठ्ठी त्यांनाही असेल."

"मंग बरं," जानकी म्हणाली. तिने पदर सावरला आणि मास्तरांच्या हाताखाली आपला खांदा दिला, आधाराला. "पन आमची लाव, मास्तर. माझ्या पोरीच्या पोरीला वाचता येतं. ती इचारते."

"लावू," मास्तर म्हणाले.

ते वळणार होते. दार उघडं होतं, मी दारात होतो, माझ्या हातात टेप होती. मला एकच पाऊल आत टाकायचं होतं. मी वाकून चपला उचलल्या, हातात घेतल्या आणि पायांचा आवाज होऊ नये म्हणून तसाच अनवाणी जिना उतरलो.